नोकरी लहान कंपनीत करावी की मोठ्या?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, २६ जानेवारी २०२४ रोजी ध्वजवंदनानंतरच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहिले आहे.)



समितीने मला ‘करिअर मार्गदर्शन’ या विषयावर वीस मिनिटे बोलायला सांगितले. मार्गदर्शन करण्याएवढी मी कोणी मोठी नाही. मी छत्तीस वर्षे हिशेब लिहिले आणि लोकांचे पगार काढले. त्यातली नऊ वर्षे हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. तिथे कायम माणसे चौदा होती. पुढची सत्तावीस वर्षे एका मोठ्या कारखान्याच्या अकौंट्स खात्यात गेली. तिथे पगारपत्रकावर दोन हजारांच्या वर नावे होती. म्हणून विषय मीच जरा आखूड करून घेतला. नोकरी लहान कंपनीत करावी की मोठ्या, एवढ्यावरच बोलते.

हा विषय मला सुचला तोसुद्धा आपल्या जिन्यात. दिवाळीपासून आपल्या सोसायटीत तीन घरी यावरून वाद चालू आहे. ‘बी’ विंगमधली आपली एक मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली. तिच्या हातात दोन पत्रे आहेत. एक पुण्याच्या फार मोठ्या कंपनीचे, हातात अठ्ठावीस हजार. दुसरे आपल्या देवळी एमआयडीसीतल्या पस्तीस माणसांच्या कंपनीचे, हातात एकोणीस हजार. ही कंपनी जिनिंगला आणि तेलघाण्यांना लागणारे कंट्रोल पॅनल बनवते. तिच्या परवानगीनेच हे सांगते आहे, ती मागे बसून हसते आहे. बाबा म्हणतात पुणे. आई म्हणते घराजवळ राहा. आजोबा म्हणतात दोन्ही सोड, सरकारी परीक्षा दे. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काकू, आता तुम्हीच सांगा.” मी तिला विचारले, दोन्ही ठिकाणी तुला रोज काम काय करायचे आहे? ती गप्प झाली. घरात महिनाभर चर्चा झाली होती, पण हा प्रश्न कोणी काढलाच नव्हता.

आपल्याकडे ‘मोठी कंपनी’ म्हटले की पुढचे विचारायचे नाही, अशी रीत आहे. लग्नाच्या बायोडाट्यातही कंपनीचे नाव ठळक आणि कामाचे नाव बारीक. त्याचे कारण मला चांगले माहीत आहे, कारण मी त्याच घरात वाढले. माझे वडील आपल्या जिल्ह्यातल्या एका कापड गिरणीत माग खात्यात होते. ते म्हणत, “मोठ्या गिरणीत लागला म्हंजे जिनगी सुखात गेली.” त्यांच्या वेळी ते खरेच होते. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचे, जेवायचे, झोपायचे. पुढे ती गिरणी आधी आजारी पडली, मग बंद झाली. वडिलांची सत्तावीस वर्षांची देणी हप्त्याहप्त्याने यायला कितीतरी वर्षे लागली. शेवटचा हप्ता आला तेव्हा ते पाहायला नव्हते, आईने सही केली.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. आपला जिल्हाच याचा पुरावा आहे. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद यांच्या नावाची गिरणी १९७४ च्या कायद्याने सरकारने आजारी गिरणी म्हणून ताब्यात घेतली. सरकार मालक झाले, याहून पक्के काय असणार? तीही आज चालत नाही. पुलगावच्या कॉटन मिलचा भोंगा आताच्या पोरांनी ऐकलेलाच नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, टाटांची पहिली मोठी गिरणी. तीसुद्धा शेवटी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद झाली. आणि अगदी हाताशी पाहायचे तर भूगावचा पोलाद कारखाना बघा. फाटकावर आधी लॉईड्स, मग उत्तम, आता एव्होनिथ. मधे दिवाळखोरीच्या कायद्याची सगळी प्रक्रिया होऊन गेली. कारखाना तोच, भट्टी तीच, पण पाट्या तीन. तेव्हा ‘मोठी म्हणजे कायमची’ हे गणित वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने तरी डोळे मिटून मांडू नये.

पण मग मोठ्या कंपनीचे काही खरेच नाही का? आहे, आणि ते छोटे नाही. एम्प्रेस मिलचेच घ्या. जमशेटजी टाटांनी तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघात झालेल्या कामगाराला भरपाई द्यायला सुरुवात केली. त्या वेळी असा कायदा नव्हता, कोणी मोर्चा काढला नव्हता. एवढी माणसे एका छपराखाली आली म्हणूनच असे फंड काढता आले. चौदा माणसांच्या जिनमध्ये पेन्शन फंड उभा राहू शकत नाही. एकाचा हात रेच्यात गेला तर त्या हंगामाचा नफाच संपतो. शेठजी कितीही भला असो, त्याच्या भलेपणाला त्याच्या तिजोरीएवढीच लांबी असते.

गंमत म्हणजे हीच एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा लहान कंपनीसारखीच होती, नवी, बेभरवशाची, कापड कसे निघेल कोणाला ठाऊक नाही. तिचे व्यवस्थापक झाले बेझनजी दादाभाई मेहता. ते आधी जीआयपी रेल्वेत मालवाहतुकीच्या कामावर होते. म्हणजे त्या काळची देशातली एक बडी कंपनी सोडून ते एका नव्या गिरणीत आले, आणि कापडाच्या धंद्यातले त्यांना काही येत नव्हते. त्यांना येत होते माणसे सांभाळणे आणि माल वेळेवर हलवणे. मोठ्या जागी शिकलेले त्यांनी नव्या जागी वापरले आणि गिरणी उभी केली. मोठ्यातून लहानात, लहानातून मोठ्यात, दोन्हीकडे वाट असते. एकदा आत गेले की बाहेर येता येत नाही, असे पोरांनी धरून बसू नये.

आता दुसरी बाजू, आणि तिच्यासाठी आपल्याला बजाज चौकापासून फार लांब जायला नको. मगनवाडीला आपण सगळे गेलो आहोत, निदान शाळेच्या सहलीत तरी. १९३४ च्या डिसेंबरमध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. जमनालालजी बजाजांनी दिलेल्या जागेत मगनवाडीत तो बसला. मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ ला केले. या संघाचा सगळा कारभार पाहिला जे. सी. कुमारप्पांनी. कुमारप्पा होते कोण? लंडनमध्ये शिकलेले चार्टर्ड अकौंटंट. मुंबईत स्वतःची फर्म होती, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आले होते. हिशेबाचा माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष माया. हा माणूस मुंबई सोडून वर्ध्याला तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि गूळ यांचे हिशेब मांडत बसला.

कुमारप्पांचे सगळे म्हणणे मला पटते असे नाही. माझ्या घरात मिक्सर आहे, तुमच्याही आहे. पण त्यांची एक गोष्ट मला नोकरीत असताना रोज आठवायची. ते म्हणत की कामात दोन भाग असतात. एक रोजचा रगाडा, तेच तेच काम. दुसरा भाग असा की ज्याने माणसाची बुद्धी वाढते, त्याला विचार करावा लागतो. हे दोन्ही एकत्र राहिले तर काम माणसाला वाढवते. कामाचे फार बारीक तुकडे केले तर एकाच्या वाट्याला नुसता रगाडा येतो आणि विचार करायचे काम दुसऱ्याच कोणाकडे जाते. शूमाकर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचे लहान उद्योगांची बाजू मांडणारे पुस्तक १९७३ मध्ये आले आणि जगभर गाजले. त्यानेही या विषयावर आपल्या मगनवाडीच्या कुमारप्पांचा आधार घेतला आहे.

मी दोन्ही भाग अंगावर घेऊन पाहिले आहेत, म्हणून आता माझे सांगते.

जिनमध्ये मी १९८३ साली लागले तेव्हा माझी बी. कॉम.ची शाई वाळली नव्हती. पहिल्याच हंगामात शेठजी म्हणाले, “बाई, काट्यावर बसा.” कापसाच्या गाड्या यायच्या, वजनाची पावती मी फाडायची.  क्विंटलभर कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट, हे मी पुस्तकात नाही, ढिगासमोर उभी राहून शिकले. रुईची गाठ एकशे सत्तर किलोची. किती गाठी बांधल्या, किती विकल्या, बँकेला दर महिन्याला मालाचा तक्ता द्यायचा, कॅश क्रेडिट किती उचलले, सरकीचा भाव पडला तर शेठजींचा चेहरा का पडतो, हे सगळे एकाच टेबलावर. एका वर्षी रुईच्या ढिगाला आग लागली. विम्याच्या दाव्याची फाईल घेऊन मला नागपूरला पाठवले. तेविसाव्या वर्षी सर्व्हेअरसमोर बसून एकेका गाठीचा हिशेब मी दिला. मोठ्या कंपनीत हे काम माझ्या हाती यायला वीस वर्षे लागली असती, आणि कदाचित आलेही नसते.

हे एक पारडे झाले. दुसऱ्या पारड्यात काय होते तेही ऐका. पगाराची तारीख ठरलेली नव्हती. कधी सात, कधी सतरा, कधी ‘पुढच्या हप्त्यात पाहू’. पीएफ नव्हता, कारण कायद्याला वीस माणसे लागतात आणि आम्ही कागदावर चौदा. हंगामात ठेकेदाराची साठ-सत्तर माणसे राबायची, पण त्यांची नावे कुठल्याच रजिस्टरात नव्हती. ठेकेदाराची माणसेसुद्धा मोजायची असतात, हे मला पुढे मोठ्या कारखान्यात कळले. बायांसाठी वेगळे संडास नव्हते. सासूबाईंचे ऑपरेशन निघाले तेव्हा शेठजींनी पाच हजार उचल दिली आणि ती पगारातून कापली. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. पण माझ्या घरचे आजारपण त्यांच्या मर्जीवर होते, आणि मला ते नको होते. नऊ वर्षांनी मी मोठ्या कारखान्यात गेले.

तिथे पहिल्या दिवशी मला सांगितले, वाहतूकदारांची बिले तपासायची, अ पासून म पर्यंत. म च्या पुढची दुसऱ्या बाईकडे. चार वर्षे मी अ ते म केले. माझी बुद्धी त्या चार वर्षांत कणभर वाढली नाही, हे मी शपथेवर सांगते. पण एक तारखेला पगार. पीएफमध्ये माझे बारा टक्के आणि कंपनीचे बारा टक्के. बाळंतपणाला भरपगारी रजा. कँटीनमध्ये गरम जेवण, येण्याजाण्याला कंपनीची बस. आणि एक गोष्ट या मंचावरून सांगायलाच हवी. पंचवीस वर्षांपूर्वी ही सोसायटी उभी राहत होती तेव्हा आमच्या घराचे कर्ज बँकेने माझ्या पगाराच्या दाखल्यावर दिले. जिनमध्ये असते तर माझ्याकडे दाखला काय, पगाराची पावतीसुद्धा नव्हती. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरे अशाच एखाद्या मोठ्या कंपनीच्या दाखल्यावर उभी आहेत. तेव्हा मोठ्या कंपनीला नावे ठेवताना आपण कोणत्या भिंतीला टेकून बसलो आहोत तेही पाहावे.

आणखी एक गोष्ट, जी माझ्यासारख्या बिले काढणारीला दिसते आणि बाहेरून दिसत नाही. लहान कंपनीत पगार उशिरा का होतो? पुष्कळदा मालक लबाड असतो म्हणून नाही. त्याने मोठ्या कंपनीला माल दिलेला असतो आणि मोठी कंपनी पैसे अडवून बसलेली असते. म्हणजे लहान कंपनीतल्या पोराचा पगार मोठ्या कंपनीच्या अकौंट्स खात्यात, माझ्यासारख्या बाईच्या टेबलावर अडकलेला असतो. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. पण व्याज मागेल कोण? मागितले तर पुढची ऑर्डर जाते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराचा नवा नियम आला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च हिशेबात धरता येत नाही. याचा किती उपयोग होतो ते दिसेलच. पण लहान कंपनीत मुलाखतीला जाल तेव्हा ‘तुमचे मोठे गिऱ्हाईक कोण आणि किती’ हे विचारा. एकच गिऱ्हाईक असेल तर ती कंपनी वेगळी नाहीच, ती त्या गिऱ्हाइकाचे एक खाते आहे असे समजा, फक्त खात्याच्या सवलती नाहीत.

आता थोडे कायद्याचे, कारण इथेच लहान आणि मोठे यांत खरी रेघ आहे आणि ती आकड्यांत आहे. पोरांनो, मोबाईल बाजूला ठेवून हे लिहून घ्या.

दहा माणसे झाली की ग्रॅच्युइटीचा कायदा लागतो. पाच वर्षे पूर्ण झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. दहा माणसांना ईएसआयसुद्धा लागतो, पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर, म्हणजे घरच्यांसकट दवाखाना. वीस माणसे झाली की पीएफ. आणि २०२४ साली शंभर कामगारांचा कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागत होती, त्याखाली लागत नव्हती. म्हणून एकोणीस माणसांची कंपनी आणि एकवीस माणसांची कंपनी या बाहेरून सारख्या दिसल्या तरी तुमच्या म्हातारपणासाठी त्यांत मोठा फरक आहे. आणि पस्तीस माणसांच्या कंपनीला ‘आम्ही लहान आहोत, आमच्याकडे पीएफ नसतो’ असे म्हणायचा अधिकार नाही. असे म्हणाली तर त्या क्षणी उठून या. उलट मोठ्या कंपनीच्या फाटकातून आत जाणारे सगळे त्या कंपनीचे नसतात. पत्रावर नाव कोणाचे आहे ते वाचा. कितीतरी पोरे पुण्याला मोठ्या कंपनीत लागली म्हणून पेढे वाटतात आणि पत्र ठेकेदाराचे असते. ती पोरे लहान कंपनीतच आहेत, फक्त जागा मोठी आहे.

म्हणून मी म्हणते, लहान की मोठी हा प्रश्न अर्धाच आहे. तो पूर्ण करायला चार प्रश्न आणखी विचारा.

पहिला, तीन वर्षांनी मला एकटीने काय करता येईल? मुलाखत घेणाऱ्यालाच विचारा की तीन वर्षांपूर्वी लागलेला मुलगा आज काय करतो. जमले तर त्या मुलाला भेटा. वडिलांची गिरणी बंद झाली तेव्हा एकाच दिवशी सगळ्यांची नोकरी गेली. पण गिरणीतले वायरमन आणि फिटर महिन्याभरात कुठे ना कुठे लागले, एकाने मोटार वाइंडिंगचे दुकान टाकले. वडिलांना आणि त्यांच्या सोबत्यांना माग चालवता येत होता, आणि माग आता कुठेच नव्हता. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. गिरणीने त्यांना तेवढेच शिकवले होते, सत्तावीस वर्षे. फाटक बंद झाल्यावर आपल्याबरोबर घरी काय येते, ते महत्त्वाचे.

दुसरा प्रश्न, गेल्या बारा महिन्यांत पगार कोणत्या तारखेला झाला? हे मालकाला विचारू नका. चहाच्या टपरीवर तिथल्या कामगाराला विचारा.

तिसरा, पीएफचे पैसे खरोखर भरले जातात का? यूएएन नंबर मिळाला की दोन-तीन महिन्यांनी पासबुक उघडून पाहा. पगारपत्रकात कापलेले पैसे आणि पासबुकात भरलेले पैसे हे दोन वेगवेगळे आकडे असू शकतात.

चौथा प्रश्न कंपनीला विचारायचा नाही, घरात विचारायचा. आपल्या घराला धक्का किती सोसतो? याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे, आणि म्हणून एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

हे नुसते बोलून होत नाही, म्हणून आपल्याच दोन लेकरांचे उदाहरण देते. ‘ए’ विंगमधल्या एका मुलासमोरही अशीच दोन पत्रे होती. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आई घरी, बहीण बारावीत, घराचे हप्ते चालू. त्याला मी सांगितले, डोळे मिटून मोठ्या कंपनीत जा, काम कंटाळवाणे असले तरी जा. तुझ्या घरात एक महिना पगार उशिरा आला तर हप्ता चुकतो. शिकायचे ते संध्याकाळी शीक, चार वर्षांनी बदल. तो आता महिन्यातून एकदा महाराष्ट्र एक्सप्रेसने येतो, आईसाठी चितळ्यांची बाकरवडी आणतो, आणि हप्ते वेळेवर जातात.

आणि ‘बी’ विंगमधली आपली इंजिनिअर. तिने माझे ऐकून दोन्हीकडे फोन केले. पुण्याला तिला पहिली दीड वर्षे नाईट शिफ्टला बसून स्क्रीनवर तक्रारींचे नंबर नोंदवायचे आहेत. अठ्ठावीस हजारांतून खोली, मेस आणि येणेजाणे गेले की शिल्लक देवळीच्या आसपासच येते. देवळीत तिला पॅनलचे ड्रॉइंग काढायचे, वायरिंग करून घ्यायचे आणि जिनमध्ये जाऊन ते चालू करून द्यायचे आहे. पीएफ आहे, ईएसआय आहे, पगार दहा तारखेच्या आत होतो असे टपरीवाल्यानेच सांगितले. गिऱ्हाइके बारा-पंधरा आहेत, पण बहुतेक सगळी कापसावर अवलंबून, हा एक धोका मी तिच्या समोर ठेवला. तिच्या वडिलांची पेन्शन चालू आहे, कर्ज फिटले आहे, भाऊ कमावतो. तिचे घर तीन-चार महिन्यांचा धक्का सोसू शकते. तेव्हा भाऊ, तुमची माफी मागून सगळ्यांसमोर सांगते, मी तिच्या जागी असते तर देवळीला गेले असते. तीन वर्षे. तीन वर्षांनी तिच्या हाताने चालू केलेली पन्नास पॅनल या जिल्ह्यात असतील, आणि मग पुण्याची कंपनी तिला स्क्रीनसमोर बसवायला बोलावणार नाही.

पण एक अट तिलाही घातली आहे. शिफ्ट संपल्यावर जिनमध्ये पॅनल चालू करायला जायचे तर रात्री परत आणायला कंपनीची गाडी हवी, आणि हे पत्रात लिहून हवे. लहान कंपनीत पुष्कळ गोष्टी तोंडी असतात, प्रेमाने असतात. प्रेम राहू द्यावे आणि कागदही घ्यावा. मालक चांगला असेल तर तो लिहून देतो. उद्या धंदा त्याच्या मुलाकडे गेला तर कागदच कामी येतो.

निर्णय तिचा आहे. सोमवारपर्यंत तिला दोन्हीकडे कळवायचे आहे. वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती की सोमवारपर्यंत जिन्यात, लिफ्टसमोर, पाण्याच्या टाकीजवळ तिला कोणी ‘काय ठरले’ असे विचारू नये. आणि तिने देवळी निवडली तर ‘पुण्याला नाही मिळाले का’ असेही विचारू नये. पोरीच्या नोकरीची निम्मी भीती कंपनीची नसते, शेजाऱ्यांची असते.

शेवटी कामाचे एक सांगते. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात असते. कोणाचे ऑफर लेटर असेल, पीएफचे पासबुक उघडत नसेल, ग्रॅच्युइटीचा हिशेब जुळत नसेल, तर कागद घेऊन यावे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायांची पोरे, आपला वॉचमन, लिफ्टवाला, त्यांनाही पाठवा. वॉचमनच्या एजन्सीचा पीएफ खरेच भरला जातो का, हे पाहणे तर सोसायटी म्हणून आपलेच काम आहे, आणि तो विषय मी पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर टाकायला सचिव भाऊंना सांगितले आहे.

 चहा झाला आहे असे दिसते. जय हिंद, जय महाराष्ट्र.